समुद्रकिनारा आणि डोंगर एकाच शर्यतीत असतील तर तयारी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: रस्त्यावरची मॅरेथॉन चार तासांत होते, ट्रेलचा, म्हणजे डोंगर-रानातल्या कच्च्या वाटांवर धावण्याचा, अनुभव जेमतेम आहे. आता ५० किमीच्या शर्यतीत उतरायचं आहे. पहिले १४ आणि शेवटचे १० किमी किनाऱ्याने, मधले २६ किमी डोंगरातून. एकूण चढाई २,५०० मीटर आणि ती जवळपास सगळी मधल्या भागात. कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची कमाल मुदत, ११ तास, हातात चार महिने. किती वेळ लागेल, सराव कसा करावा आणि पहिलीच अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यत) म्हणून ही घ्यावी का?

मी बरीच वर्षं ट्रेलवर धावतो आणि इतरांना अशा शर्यतींसाठी तयार करतो. माझं ठाम मत आधी सांगतो. चढाची तयारी सगळेच करतात, पण चढावर शर्यत सोडणारे फार थोडे असतात. माणसं बाहेर पडतात ती दोन कारणांनी. उतारावर मांड्या संपतात, किंवा सुरुवातीच्या सपाट किनाऱ्यावर जास्त वेगाने धावलेलं पुढे डोंगरात अंगावर येतं. म्हणून या उत्तरात मी किनाऱ्यावर आणि उतारावर जास्त बोलणार आहे.

आधी वेळेचा अंदाज. ट्रेलच्या जगात एक सोपा हिशेब सर्रास वापरतात: दर १०० मीटर चढाईला १ किमी धरून ते अंतरात मिळवायचं. म्हणजे तुमची शर्यत ५० अधिक २५, अशी ७५ किमीच्या श्रमाची झाली. चार तासांच्या मॅरेथॉनचा पेस किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ४० सेकंद येतो. त्या पेसने ७५ किमीला सात तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. पण खडबडीत वाट, उतार, थकवा हे काही या हिशेबात धरलेलं नाही. ट्रेलवर नवखा असलेल्या माणसाने वर २५ ते ३० टक्के धरावेत. म्हणजे नऊ तास, त्यात एड स्टेशनवरचा (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या आणि मदतीच्या थांब्यांवरचा) अर्धा तास मिळवला की साडेनऊ. कट-ऑफला दीड तास उरतो. हा दीड तास पुरेसा आहे, पण उधळण्याइतका नाही.

दुसऱ्या बाजूनेही हिशेब ताडून पाहा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक नियम मांडला होता. आजच्या मापात तो असा: दर ५ किमीला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या मार्गाला हा नियम लावला तर चौदा तास येतात. याचा अर्थ सगळी शर्यत चालून कट-ऑफमध्ये बसणार नाही. चढ चालायचेच आहेत, पण सपाटीवर आणि उतारावर धावता आलं पाहिजे, तेही शेवटच्या १० किमीपर्यंत.

आता किनारा. नकाशावर हा भाग सपाट दिसतो आणि मॅरेथॉन धावणाऱ्याला तो आपला वाटतो. इथेच गफलत होते. कोरड्या, मऊ वाळूत पाय टेकला की वाळू खाली दबते आणि मागे सरते. १९९८ च्या एका अभ्यासात वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असं दिसून आलं. त्यामुळे रस्त्यावरचा पेस वाळूत टिकवायचा म्हणजे तुम्ही सकाळी सात वाजता मॅरेथॉनच्याही वरच्या जोराने धावत आहात. घड्याळातला पेस नेहमीचाच दिसतो, म्हणून ते लक्षात येत नाही. किनाऱ्यावर घड्याळाचा पेस झाकून ठेवा आणि श्वासाकडे लक्ष द्या. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने धावा. तुमच्या बाबतीत पहिल्या १४ किमीला पावणेदोन तास ते एक तास पन्नास मिनिटं लागली तर ते अगदी योग्य. सगळा जोर लावून त्यातली पंधरा-वीस मिनिटं वाचवता येतील, पण डोंगरात त्याच्या दुप्पट-तिप्पट परत द्यावी लागतात. हे मी इतक्या धावकांच्या बाबतीत पाहिलंय की यावर मी तडजोड करत नाही.

वाळू कशी मिळणार हे भरती-ओहोटीवर ठरतं, आणि हे शर्यतीच्या आधी कळू शकतं. शर्यतीच्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढा. बहुतेक किनाऱ्यांवर पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. ओहोटीला पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि तिच्यावर जवळपास रस्त्यासारखं धावता येतं. भरतीला तीच पट्टी पाण्याखाली जाते आणि तुमच्या वाट्याला वरची भुसभुशीत पुळण येते. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मी भरती येते. म्हणून 'आत्ता तर पाणी लांब होतं' असं म्हणेपर्यंत वाट अरुंद होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा फरक आणखी मोठा. मार्गात एखाद्या ओढ्याचं किंवा खाडीचं मुख ओलांडायचं असेल तर तुम्ही तिथे किती वाजता पोहोचाल आणि तेव्हा पाणी कुठे असेल हे कागदावर लिहूनच ठेवा. शेवटच्या १० किमीसाठीही तोच हिशेब करा. नऊ तासांनंतर समुद्र सकाळच्या जागी नसतो.

घट्ट वाळूची पट्टीही बहुतेक वेळा समुद्राकडे कललेली असते. एकच पाय सतत खालच्या बाजूला राहिला की घोट्याला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि कमरेला त्रास सुरू होतो. मार्ग एकाच दिशेने जाणारा असेल तर बाजू बदलता येत नाही, म्हणून जिथे पट्टी कमीत कमी कललेली आहे तिथूनच धावा, भले त्यासाठी दोन पावलं पाण्यातून टाकावी लागोत. बूट ओले होतील ही भीती सोडा, ते तसेही होणारच. खरा शत्रू बुटात शिरणारी वाळू आहे. ओला मोजा, त्यात वाळू आणि पुढे तीन तासांचा उतार एवढं फोड यायला पुरेसं असतं. बुटाच्या तोंडावर चढवायचे पातळ कापडी गेटर लावा. बोटांना आणि टाचेला आधीच वंगण लावा. डोंगर सुरू होण्याआधीच्या एड स्टेशनवर चार मिनिटं बसून बूट झाडा आणि कोरडे मोजे चढवा. त्या चार मिनिटांचा हिशेब मी नेहमी शर्यतीच्या आराखड्यातच धरायला सांगतो.

खडकाळ किनारा असेल तर रंगाकडे पाहा. पांढरट, खरखरीत कवचांनी भरलेला खडक पायाला धरतो. काळपट किंवा हिरवा, चमकणारा खडक शेवाळाचा असतो. तो कितीही चांगल्या रबराच्या बुटाला दाद देत नाही. तिथे चाला, गरज पडली तर हात टेका. तिथे पडलात तर चेहरा आणि मनगट एकदम जातं.

डोंगरातल्या चढाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे करायचं ते सरळ आहे. चढ इतका तीव्र झाला की धावण्याची गती आणि झपाझप चालण्याची गती सारखीच झाली, तेव्हा चाला. लहान पावलं, टाच शक्यतो टेकलेली, अंग थोडं पुढे. पोल्स (आधाराच्या काठ्या) वापरायला परवानगी असेल आणि त्यांचा सराव असेल तर घ्या. आयत्या वेळी मित्राचे मागून आणलेले पोल्स मात्र नकोत, ते खांद्यांना त्रास देतात आणि पायात येतात. चढावर कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या.

उताराकडे येतो. उतारावर श्वास लागत नाही, नाडी खाली येते, म्हणून शरीर विसावतंय असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावत असतो, ब्रेक लावत असतो. स्नायूंच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा याच प्रकारच्या कामाने होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या जे ओरडतात ते यामुळे. ५० किमीच्या शर्यतीत ही इजा त्याच दिवशी आडवी येते. तिसरा मोठा उतार संपेपर्यंत मांड्या भार पेलायला नकार देतात आणि मग शेवटच्या सपाट १० किमीवर, जिथे धावायला हवं तिथे, माणूस चालत सुटतो. श्वास ठीक, पोट ठीक, तरी पाय नाहीत.

ऊर्जेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की धावताना सगळ्यात कमी ऊर्जा लागते ती सुमारे २० टक्के उतारावर, म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात २० मीटर खाली उतरताना. त्याहून तीव्र उतारावर खर्च पुन्हा वाढायला लागतो, कारण सगळी शक्ती स्वतःला थोपवण्यात जाते. म्हणजे मध्यम उतारावर शर्यतीतली सगळ्यात स्वस्त गती मिळते. ती सोडू नका. तीव्र, घसाऱ्याच्या उतारावर मात्र वेळ वाचवायला जाऊ नका.

किनारा आणि डोंगर एकत्र आले की उतार किती लांब होऊ शकतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे कॅनरी द्वीपसमूहातल्या ला पाल्मा बेटावरची ट्रान्सव्हल्केनिया. सुमारे ७४ किमीची ही शर्यत दक्षिण टोकाच्या दीपगृहापासून सुरू होते, काळ्या ज्वालामुखी वाळूतून वर चढते आणि २,४२६ मीटर उंचीच्या रोके दे लोस मुचाचोसपर्यंत जाते. तिथून ती जवळजवळ सलग उतरत थेट ताझाकोर्तेच्या समुद्रकाठी येते, आणि त्यानंतरही शेवट गाठायला पुन्हा थोडं चढावं लागतं. त्या उताराच्या तळाशी ज्यांच्या मांड्या शिल्लक असतात तेच शेवटच्या चढावर पुढे जातात. तुमचा मार्ग छोटा आहे, पण गणित तेच आहे.

चांगली गोष्ट अशी की स्नायू हे फार लवकर शिकतात. उताराच्या एका खणखणीत सरावानंतर मांड्या दुखतात, पण दोन आठवड्यांनी तसाच सराव केला तर बऱ्याच कमी दुखतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. त्यामुळे उताराचा सराव नियमित करा आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी घ्या. त्याहून उशिरा घेतला तर दुखरे पाय घेऊन उभे राहाल, फार आधी घेतला तर संरक्षण ओसरू लागलेलं असेल. आठवड्यातून एक दिवस २०० ते ३०० मीटर उंचीची डोंगराची एक सोंड निवडा, चढ निवांत चालत जा आणि उतार लक्ष देऊन धावा. आधी दोन फेऱ्या, मग तीन, मग चार. जवळ डोंगर नसेल तर उंच इमारतीचा जिना चालेल, फक्त खाली येताना लिफ्ट घेऊ नका.

उतारावर धावण्याचं तंत्र शब्दांत सांगणं कठीण, तरी काही गोष्टी सांगता येतात. पावलं लहान आणि जलद ठेवा. लांब टांग टाकली की प्रत्येक पाऊल ब्रेक होतं. नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवा. पुढची पावलं कुठे पडणार हे आधी पाहून झालेलं असतं, पाय नंतर पोहोचतात. हात बाजूला मोकळे. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की टाच घसरते. कमरेपासून थोडं पुढे झुकलेलं अंग पायाखाली भार देतं आणि बुटाची पकड कामी येते. धोंड्यांच्या वाटेवर सुटा दगड आणि रुतलेला दगड यातला फरक ओळखायला वेळ लागतो, त्याला सराव हाच उपाय.

आता ज्या गोष्टीबद्दल मी सगळ्यात कडक आहे ती: थंडी. उंची वाढेल तसं तापमान दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर २६ अंश आणि घामाने निथळलेले कपडे, तीन तासांनी १,२०० मीटरच्या धारेवर १८ अंश, त्यावर समुद्रावरून येणारा वारा आणि धुकं. ओल्या अंगातून वारा उष्णता झपाट्याने ओढून नेतो. त्यात पाऊस आला आणि थकून चालायला लागलात तर शरीर उष्णता तयारही करत नाही. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये १०० किमीच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि वादळी वारा आला आणि २१ धावकांचा मृत्यू झाला. त्यांत देशातले अव्वल दर्जाचे धावकही होते. ते कमकुवत नव्हते. अंगावर पातळ कपडे होते आणि उंचावर आडोसा नव्हता.

म्हणून पूर्ण वॉटरप्रूफ जॅकेट, पातळ लांब बाह्यांचा थर, आपत्कालीन ब्लँकेट, शिट्टी आणि चार्ज असलेला फोन हे सामान आयोजकांनी सक्तीचं केलं नसलं तरी पाठीवर ठेवा. जॅकेट धारेवर पोहोचून नाही, धारेच्या खाली, वाऱ्याच्या आडोशाला असतानाच घाला. वर बोटं गारठली की चेनसुद्धा लागत नाही. शिट्टीचा आंतरराष्ट्रीय संकेत पाठ असू द्या: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. अंधारात आणि धुक्यात धावायची वेळ आली तर हेडलॅम्प कपाळावरून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा. कपाळावरचा प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांतच परत येतो आणि वाट दिसेनाशी होते.

खाणं-पिणं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि पाणी-मीठ मात्र जातं. मॅरेथॉन जेलच्या दोन पाकिटांवर होते, ही होणार नाही. दर तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे लक्ष्य ठेवा आणि सुरुवात पहिल्या अर्ध्या तासापासूनच करा, भूक लागण्याची वाट न पाहता. पोटालाही याचा सराव लागतो, म्हणून प्रत्येक लांब पल्ल्याला तेच पदार्थ, त्याच प्रमाणात खा. डोंगरात दर वेळी चढाच्या पायथ्याशी खा. चालताना पचतं, उताराच्या धक्क्यांत पोट ढवळतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र 'जास्त प्या' हा सल्ला धोक्याचा आहे. तहानेपेक्षा जास्त साधं पाणी पिऊन रक्तातलं सोडियम पातळ होऊ शकतं. लिटरला १३५ मिलीमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावकांपैकी १३ टक्क्यांत तो आढळला होता, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांना धोका सर्वाधिक होता. तुमची शर्यत त्याहून दुप्पट वेळ चालणार. तहान लागेल तसं प्या, खारट काहीतरी खात राहा. बोटांतली अंगठी घट्ट झाली, मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली, पोटात पाणी डुचमळतंय, तर आणखी पाणी पिऊ नका आणि एड स्टेशनवर वैद्यकीय मदत मागा. मीठ खाल्लं म्हणजे कितीही पाणी चालतं असंही नाही.

चार महिन्यांची आखणी फार गुंतागुंतीची नको. पहिले पाच-सहा आठवडे रस्त्यावरचे दोन दिवस कायम ठेवून बाकी सगळं ट्रेलवर आणा आणि किलोमीटर मोजण्याऐवजी तास आणि चढाई मोजा. घोटे, पिंढऱ्या आणि कंबर यांच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. एका पायावर हळूहळू पायरी उतरण्याचा व्यायाम त्यात असायलाच हवा. मधले सहा-सात आठवडे खरे: आठवड्याला १,००० ते १,५०० मीटर चढाई आणि तितकाच उतार, दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भार कमी. याच काळात निदान दोनदा शर्यतीच्या क्रमाने धावा, म्हणजे आधी तासभर वाळूत आणि मग लगेच चढ. वाळूने पिंढऱ्या दमल्यावर चढ किती वेगळा लागतो हे त्या दिवशीच कळतं, वाचून कळत नाही. किनाऱ्यावर कडक ऊन असणार असेल तर शेवटच्या काही आठवड्यांत १० ते १४ दिवस उन्हाच्या वेळी हलकं धावून शरीराला उष्णतेची सवय लावा. शेवटचे दोन आठवडे पल्ला निम्म्यावर आणा.

शर्यतीच्या दिवशी आराखड्यात फक्त शेवटचा कट-ऑफ ठेवू नका, प्रत्येक चौकीचा ठेवा. माझा हिशेब असा: पहिले १४ किमी एक तास पन्नास मिनिटं, डोंगर साडेपाच ते सहा तास, शेवटचा किनारा दीड तास. डोंगरातून खाली उतरताना घड्याळात साडेआठ तासांच्या आत असाल तर शेवटचे १० किमी चालत-धावतही अकराच्या आत होतात.

पहिली अल्ट्रा म्हणून घ्यावी का? दहाव्या आठवड्याच्या सुमारास स्वतःची एक परीक्षा घ्या. २५ ते २८ किमी, १,२०० मीटर चढाई आणि तेवढाच उतार, शर्यतीचीच सॅक आणि शर्यतीचंच खाणं घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी कठडा न धरता जिना उतरता आला आणि तासभर सपाटीवर हळू का होईना धावता आलं, तर नाव पक्कं करा. जिना आडवा येत असेल तर उरलेल्या सहा-सात आठवड्यांत ५० किमीचे पाय तयार होणार नाहीत. त्याच शर्यतीत कमी अंतराचा गट असेल तर तो घ्या, आणि ५० किमी पुढच्या वर्षी.